मास्तर घेतात

१२ नोव्हेंबर, बुधवार

कोचला काढलं ते काढलं, मला ग्रुपवरनं का काढलं? मी काय पेनल्टी हुकवली? खळवाडी क्लबच्या मोबाईलवरच्या ग्रुपात एकशे ऐंशी माणसं. त्यातली निम्मी मैदानाकडे फिरकत नाहीत. ती सगळी राहिली, आणि तेरा वर्षांत एक सामना न चुकवलेली म्हातारी बाहेर. काढणारी कोण, तर माझीच नात शेफाली. ती ग्रुपची मुख्य. म्हणाली, "आजी, तुझे व्हॉइस मेसेज पुरे झाले. बोलायचं ते आता यात लिही," आणि ऑफिसात फुकट मिळालेली ही वही पुढ्यात टाकून गेली. प्रत्येक पानाखाली इंग्रजीत काहीतरी छापलंय. उपदेशच असणार. वाचता येत नाही ते बरं.

माझी शाळा चौथीपर्यंत. बोलताना हाय-न्हाय बोलते, पण लिहिताना बाईंनी छड्या मारून आहे-नाही शिकवलं ते हाताला अजून आठवतं. एका पानाला अर्धा तास लागतो. लागू दे. मला आता कुठे जायचंय.

झालं ते असं. रविवारी आम्ही चार गोल खाल्ले. दिला एकही नाही. आमचं मैदान म्हणजे खराडी गावाचं जुनं खळं, आता दोन्ही बाजूंनी काचेच्या बिल्डिंगा. मी नेहमीसारखी डाव्या अंगाला खुर्ची टाकून बसलेली. तिसऱ्या गोलाआधी मला दिसलं की डावीकडे भगदाड पडलंय. मी उठून ओरडले, "अरं डावीकडं बघा की, म्हशी शिरतील एवढी वाट सोडलीया!" तर श्रीधर मास्तर, आमचे मोठे कोच, वळून सगळ्यांदेखत म्हणाले, "आजी, आपण बसा. मैदानाला एक कोच पुरतो."

बिल्डिंगवाले हसले. ते हसले त्याचं काही नाही. नागोराव हसला. माझ्या लग्नात वाढपी होता तो, तोही हसला.

चौथा गोल डावीकडूनच झाला.

संध्याकाळी मी ग्रुपवर बोलले. जे बोलले ते इथे जसंच्या तसं लिहिते, म्हणजे कुणी वाकडं सांगायला नको. "चार गोल खाल्ले तर नवाल कसलं? श्रीधर मास्तर घेतल्याबिगर मैदानात उतरत न्हाईत. रोज सकाळी माझ्याच घरी घेत्यात. मी डोळ्यांनी बघते." बस, एवढंच.

काल मंगळवारी कमिटीनं त्यांना काढलं.

यात मी खोटं काय बोलले? घेतात म्हणजे घेतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी सहाला सवयीनं दोन भाकरी जास्त थापल्या. मग आठवलं, कोणी येणार नाही. त्या जयसिंगनं, माझ्या लेकानं, खाल्ल्या.

कालचं पुन्हा वाचलं. घेतात म्हणजे काय घेतात ते लिहिलंच नाही मी. ही वही माझीच, इथे कुणाला काय लपवायचंय? मास्तर सुई घेतात. साखरेची. इन्सुलिनची. कसबा पेठेतून स्कूटरवर इथे यायला त्यांना पाऊण तास लागतो, आणि सुई घेतली की लगेच पोटात काहीतरी जायला लागतं. घरून घेऊन निघाले तर वाटेत घेरी येते. म्हणून सहाला माझ्याकडे यायचे, स्वयंपाकघरात पाठ करून पोटाला सुई टोचायचे, दोन भाकरी आणि जे असेल ते कालवण खायचे आणि मग मैदानात जायचे. दोन वर्षं हे चाललं. सुयांचा डबा माझ्या फ्रिजात, दह्याच्या भांड्यामागे.

पहिल्या दिवशीच म्हणाले होते, "तुळजाबाई, हे आपल्यात राहू द्या. आधीच्या क्लबात कळलं, तर म्हणाले आजारी कोच नको. मैदानात पडलात तर जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, "माझ्या तोंडातनं शब्द जायचा न्हाय."

शब्द गेला नाहीच. तोच तर गेला नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज खळ्याच्या भिंतीपाशी चहाच्या गाडीवर सभा भरली. नवा कोच कोण. ग्रुपवर नसले तरी कान आहेत, गेले.

रोहन म्हणून एक आहे, चौदाव्या मजल्यावरचा. कॉम्प्युटरवाला, पण प्रत्येक सामन्याला येतो, गळ्यात क्लबचा पंचा घालून. तो म्हणाला, "आजी, आपल्याला आता प्रोसेस पाहिजे. डेटा बघणारा माणूस. अर्णव सर आहेत, एकतीस वर्षांचे, लायसन आहे. ड्रोन उडवून प्रॅक्टिस घेतात."

नागोराव म्हणाला, "ड्रोन काय गोल अडवतंय व्हय? कोल्हापूरचा माणूस आणा. तिथं पोरगं रांगायच्या आधी लाथ मारतंय."

मी म्हटलं, "कोल्हापूरचा हितं टिकंल का? चार दिवसांत म्हणंल रस्सा पातळ हाय, आणि जाईल माघारी."

सगळे हसले. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मग कोणीतरी मडगावच्या एका कोचचं नाव काढलं. दोन चषक जिंकलेला, पोरांना जीव लावणारा, इकडे यायला तयार. रोहनही म्हणाला, "हा सॉलिड आहे, ॲक्च्युअली." तर नागोराव गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "गोव्याचा? एक घेणारा घालवला आणि दुसरा घेणारा आणायचा? ह्याला तर न्यायला-आणायलाबी माणूस ठेवावा लागंल!"

पुन्हा हसले. मडगाववाला तिथेच बाद झाला. त्या माणसाचं तोंड मी पाहिलेलं नाही. तो घेतो की रामरक्षा म्हणतो, इथे कुणालाच माहीत नाही.

रोहन मोबाईलवर अटी लिहून घेत होता. "पॉइंट वन, निर्व्यसनी. आजी, हा पॉइंट तुमच्यामुळे."

नागोरावाला चेव आला. "दिवाळीआधीचं आठवतंय का? मास्तर घामानं निथळत हुता, हात लटलट कापत हुते, जीभ जड झाली हुती. मी तवाच वळखलं. वहिनी, तुमच्या घरातनंच आला हुता न्हवं?"

माझ्याच घरातून आले होते. त्या दिवशी सुई घेतली आणि तेवढ्यात क्लबच्या अध्यक्षाचा फोन आला म्हणून भाकरी न खाताच पळाले. साखर उतरली. मीच मैदानात जाऊन त्यांच्या तोंडात दोन चमचे साखर कोंबली, आणि विचारणाऱ्याला सांगितलं की पित्त झालंय. तेव्हा किती पटकन सुचलं मला.

आज म्हटलं, "ध्यानात न्हाय."

चहा अर्धा टाकून आले.

१६ नोव्हेंबर, रविवार

सामना. कोच नाही, सहाय्यकच उभा होता, शिट्टी चावत. एक-एक बरोबरी. मी मन भरून ओरडले. डावीकडं, उजवीकडं, मागं. कोणीही "बसा" म्हणालं नाही. उलट दोन पोरी मोबाईलवर माझा व्हिडिओ काढत होत्या.

मजा आली नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जयसिंग कमिटीवर आहे. मंगळवारच्या बैठकीत काय झालं ते त्याला आज नीट विचारलं. तो जेवताना सांगत होता आणि हसू दाबत होता.

हिंदुराव क्लबचा अध्यक्ष, माझ्या दिराचा मुलगा. त्यानं विचारलं, "सर, स्पष्ट विचारतो, राग मानू नका. तुम्ही घेता का?"

मास्तर म्हणाले, "घेतो. दिवसातून दोनदा."

"कधीपासून?"

"नऊ वर्षं झाली."

"आणि मैदानात यायच्या आधी?"

"आधीच घ्यावी लागते. नंतर घेऊन उपयोग नसतो."

जयसिंग म्हणाला, "आई, माणूस निर्लज्ज म्हणावा तर किती! हिंदुराव म्हणाला, मग आम्ही काय समजायचं? तर म्हणतो, आपण समजूनच आला आहात, मी कशाला मध्ये अडथळा आणू? आणि उठून गेला. सही करायलासुद्धा थांबला नाही."

मास्तरांना मी ओळखते. तो पेठेतला माणूस. त्याला कुणी वाकडं विचारलं की तो सरळ उत्तर देत नाही, वाकड्याहून वाकडं देतो. एकदा पोस्टमननं विचारलं होतं, श्रीधर इथंच राहतात का, तर दारात उभं राहून म्हणाले होते, मला तरी तसंच वाटतं. ही गोष्ट त्यांनीच मला सांगितली होती, खूश होऊन. तेव्हा मी हसले होते.

आणि आपली भाषा पण अशी. सुई घ्यावी लागते. दारू घ्यावी लागते. दोन्ही बाया.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शेफाली ऑफिसातून आली, दही काढायला फ्रिज उघडला आणि डबा हातात घेऊन बाहेर आली.

"आजी, हे इन्सुलिन कुणाचं?"

"माझं."

"तुला शुगर नाही."

"आता झाली आसंल."

"आजी."

ती माझ्यासमोर स्टुलावर बसली. मी लसूण सोलत होते, सोलत राहिले. ती कॉम्प्युटरवर दुसऱ्यांच्या चुका शोधायचं काम करते, त्याचाच पगार मिळतो तिला. तिला फार वेळ लागला नाही.

"श्रीधर सरांचं आहे. ते हे घेतात. आणि तू…" ती थांबली. "आजी, तू मेसेजमध्ये सुई का नाही म्हणालीस?"

"घाईत ऱ्हायलं."

तिनं मोबाईल काढला आणि माझा मेसेज लावला. मी माझा आवाज आधी कधी ऐकला नव्हता. इतका चढलेला असतो हे ठाऊक नव्हतं. "रोज सकाळी माझ्याच घरी…" मग काहीच नाही. मग "घेत्यात".

"इथं थांबलीस तू," ती म्हणाली. पुन्हा लावलं. पुन्हा तेवढीच रिकामी जागा. मागे आमच्या कुकरची शिट्टी ऐकू येते त्यात.

मी लसूण खाली ठेवला. ती जागा कशाची आहे ते मला माहीत आहे. सुई हा शब्द जिभेवर आला होता. आता म्हटला तर मास्तरांचं गुपित फुटतं, असं वाटलं, हे खरं. पण गुपित राखायचं होतं तर गप्प बसायचं होतं, बोलायलाच कशाला गेले? दुसरंही एक वाटलं. वाटलं, नाही म्हटला तर लोक काय समजायचं ते समजतील, आणि मी खोटं बोलले असं कोणाला म्हणता येणार नाही. हे दोन्ही एका दमात वाटलं. आणि मी तो गिळला. चुकून राहिला नाही, गिळला.

शेफालीला एवढंच म्हटलं, "व्हय. थांबले."

ती रडली नाही की ओरडली नाही. म्हणाली, "तो मेसेज पेठेत पोचलाय. सर दुपारी मुलींच्या शाळेत फुटबॉल शिकवतात ना, तिथल्या पालकांच्या ग्रुपवर कुणीतरी टाकला. शाळेनं सांगितलंय, खुलासा येईपर्यंत येऊ नका."

मुलींची शाळा. तिथे घेणारा मास्तर कोण ठेवील? मीही ठेवला नसता.

१९ नोव्हेंबर, बुधवार

एक लिहायचं राहिलं. राहिलं नाही, टाळलं.

सोमवारी, म्हणजे मास्तरांना काढायच्या आदल्या दिवशी, हिंदुराव घरी आला होता. अंगणात चप्पलही न काढता उभा राहिला. "काकी, मी तुमच्याकडनंच ऐकतो. खरं काय ते सांगा. माणसाच्या पोटाचा प्रश्न आहे." तांदूळ निवडत होते मी. माझ्या एका शब्दावर काम होतं. मला मास्तरांचं ते "बसा" आठवलं. म्हणाले, "मी बोलले ते बोलले." तो गेला.

तांदळात खडा एकही नव्हता. तरी मी तासभर निवडत बसले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

शेफालीनं सुट्टी काढली. रामवाडीहून मेट्रोनं गेलो. मध्ये गाडी बदलली, ती दुसरी जमिनीखालून जाते, बाहेर बघायला काही नाही, काचेत आपलंच तोंड. डबा रुमालात गुंडाळून बर्फाच्या पिशवीसह घेतला होता. कसब्यात उतरून चालत गेलो. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांच्या दुकानांवरून पुढे बोळ, तिथे तीन मजली इमारत, मास्तर दुसऱ्या मजल्यावर. मी शेफालीला खालीच थांबवलं.

दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढलेली. "आपण? या. पायऱ्या जपून चढलात ना? पडला असतात तर तेही माझ्याच नावावर गेलं असतं."

आत बसवलं. पाणी दिलं. त्यांच्या बायको सुनीतीबाई दारात उभ्या राहिल्या, मला न्याहाळत. मी डबा पुढे ठेवला. मास्तरांनी उघडून बघितला, मोजल्यासारखं केलं, बंद केला.

मी म्हटलं, "मास्तर, मी चुकले."

"चुकणं म्हणजे ऑफसाइड," ते म्हणाले. "धावण्याच्या नादात माणूस पुढे जातो, त्याला कळत नाही. आपण केलात तो फाऊल. बॉल सोडून पाय बघून मारलेला."

"व्हय. बघून मारला."

हे त्यांना अपेक्षित नसावं. चष्मा काढून पुसत राहिले. मग म्हणाले, "मग आता काय काम काढलंत?"

"सुईचं सांगू का सगळ्यास्नी? मैदानात, माईकवरनं. तुम्ही हो म्हणला तर सांगते."

ते हसले. असं हसणं मी पाहिलं नव्हतं. "तुळजाबाई, माझ्या आजाराची परवानगी मागायला खराडीहून इथवर आलात. माझ्या दारूची घ्यायला आला नव्हतात."

मी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"सांगितलंत तर आजारी, नाही सांगितलंत तर बेवडा. दोन्हीकडे मी घरीच. आपल्याला ज्यानं बरं वाटेल ते करा. मी त्यात पडणार नाही." आणि उठून आतल्या खोलीत गेले. दार लावलं नाही, नुसतं ओढलं.

मला बरं वाटेल ते. मी काय बरं वाटून घ्यायला गेले होते का? मेट्रोत याचाच विचार करत होते. कदाचित गेलेही असेन.

सुनीतीबाई जिन्यापर्यंत आल्या. खालच्या आवाजात म्हणाल्या, "शाळेनं लेखी खुलासा मागितलाय. हे लिहिणार नाहीत. म्हणतात, मी काय केलंय म्हणून लिहू? डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा म्हटलं, तर म्हणाले, मग उद्यापासून पोरी मला आजोबांसारखं सांभाळतील. मी बायको, माझं कोण खरं मानतं? नवऱ्याची बाजूच घेणार म्हणतात." मग जरा थांबून, "तुम्ही काही बोलला होतात, ते मात्र सगळ्यांनी लगेच मानलं."

टोमणा होता की विनंती, कळलं नाही. पेठेत दोन्ही एकाच आवाजात करतात. मी माझा नंबर तिथल्या वर्तमानपत्राच्या कोपऱ्यावर लिहून दिला. मोठा काढला. आकडे तरी वाचता यावेत.

२२ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर ठरवते आहे. सांगायचं. नाही सांगायचं. त्यांनी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

जयसिंगला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आई, आता उकरू नको. हिंदुराव माझ्यावर चिडंल. आणि लोक तुला काय म्हणतील?" मला काय म्हणतील याची त्याला काळजी. मास्तरांना काय म्हणतात ते त्याच्या कानावरून गेलं.

मीही आठ दिवस असंच केलं. कुणाचं वागणं उचललंय त्यानं ते दिसतंय.

२३ नोव्हेंबर, रविवार

सांगितलं.

खळ्यावर मांडव नव्हता, नुसत्या खुर्च्या आणि एक माईक. शंभरेक माणसं. हिंदुराव म्हणाला, दोनच नावं उरली, अर्णव सर आणि कोल्हापूरचे. हात वर करून ठरवू. त्याआधी कुणाला बोलायचं असेल तर बोला. रोहन बोलला, नागोराव बोलला. मग मी उठले.

हिंदुराव म्हणाला, "या काकी. तुमचा उमेदवार कोण?"

माईक तोंडाच्या फार जवळ आला, पहिला शब्द नुसता खरखरला. मग बोलले. "माझा कुनी उमेदवार न्हाय. मी पंधरा दिवसांमागं ग्रुपवर बोलले की मास्तर घेत्यात. घेत्यात ती सुई. साखरेची. दारूचा थेंब मी त्यांच्या तोंडात पाहिला न्हाय की वास आला न्हाय. सुई हा शब्द मला ठावा हुता. मी तो मुद्दाम गिळला. त्यांनी मला सगळ्यांदेखत बसा म्हणलं, त्याचा राग हुता. हिंदुराव घरी इचारायला आला तवाबी सांगितलं न्हाय. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

मी माईक हिंदुरावाच्या हातात दिला.

मग नागोराव म्हणाला, "वहिनी, मास्तरची दया आली जणू तुमास्नी. आता झाकायला निघाल्या."

म्हणजे खोटं बोलले तेव्हा त्यानं डोळे मिटून मानलं आणि खरं बोलले तर पुरावा मागतो. "नागोराव," मी म्हटलं, "तू दिवाळीआधी वळखलं म्हणाला हुतास. काय वळखलंस? तुला तुझी चप्पल देवळाबाहेर वळखू येत न्हाय." हसले लोक. पण तो मान हलवतच राहिला.

रोहन उभा राहिला. त्या पोराचं तोंड उतरलं होतं. म्हणाला, "आय फील टेरिबल. आपण सरांना सॉरी म्हटलं पाहिजे, ऑफिशियली." मग खाली बघत, "पण आजी, मेडिकल कंडिशन असेल तर रिस्क आहेच ना? मॅचमध्ये काही झालं तर?"

मास्तर म्हणाले होते तस्संच. सांगितलंत तर आजारी.

हिंदुराव माझ्याकडे बघत नव्हता. त्यानं हात मोजले. अर्णव सर एकसष्ट, कोल्हापूर चौतीस. मी हात वर केला नाही. मास्तरांचं नाव कुणी घेतलंच नाही. मला वाटलं होतं कुणीतरी घेईल. मी बोलले की लोक उठून म्हणतील, बोलवा त्यांना परत. हे मनात होतं, आता लिहिताना कळतंय. मला वाटलं होतं, सांगितलं की फिटतं.

घरी येताना हिंदुराव गाडी थांबवून एवढंच म्हणाला, "काकी, त्या दिवशी अंगणात सांगितलं असतं तर." काच वर केली आणि गेला.

शेफालीला सांगितलं, जिथून तो शब्द सुटला तिथूनच दुसरा जायला पाहिजे. तिनं मला ग्रुपवर घेतलं. मी तेच बोलले, पेठेतल्या पालकांनाही पाठवा म्हटलं. बाहेर काढू का म्हणून तिनं विचारलं. काढ म्हटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी सुनीतीबाईंचा फोन. मास्तरांनी माझा मेसेज ऐकला. काय म्हणाले, मी विचारलं. "काही नाही. दोनदा ऐकला." मग म्हणाल्या, "शाळेच्या मोठ्या बाईंना तुमचा नंबर दिलाय. त्यांना रेकॉर्डिंग नको, स्वतः विचारायचंय. बारा वाजता फोन करतील. त्यावर ठरवणार. यांना माहीत नाही मी नंबर दिला ते."

क्लब गेला तो गेला. पण अजून त्या पोरी आहेत, दुपारची ती शाळा आहे. तेवढं तरी माझ्या शब्दानं गेलेलं परत यावं. येईल की नाही, बाईंच्या हातात.

जयसिंग घरीच आहे. म्हणतो, "आई, तू माईकवर बोललीस तशी फटकळ बोलशील. मला दे. मी नीट सांगतो, गैरसमज झाला होता म्हणून." शेफाली म्हणते, मी शेजारी बसते, तू अडलीस तर मी इंग्रजीत सांगते.

गैरसमज झाला नव्हता. मी करून दिला होता. आणि मी अडणार नाही, या वेळी नाही. बाईंनी विचारलं, तुम्ही खोटं का बोललात, तर त्याचं गोड उत्तर या घरात कुणाकडेही नाही, आणि असलं तरी मला ते नको.

पावणेबारा झाले. हे पान फाडून स्वयंपाकघराच्या दाराला लावते, दोघांनी वाचावं म्हणून. मोबाईल माझ्यासमोर ताटाशेजारी आहे, तो वाजला की कुणी हात लावायचा नाही. जयसिंगनं नाही, शेफालीनं नाही. मध्ये बोलायचं नाही, खुणा करायच्या नाहीत, दारात उभं राहायचं नाही. त्या विचारतील ते मला विचारतील. उत्तर मीच द्यायचं.